निमिषाचा इतिहास : पडद्यावरील हालचालीने किती वेळ घ्यावा?

१/२४
अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या तरुणांमध्ये एक युक्ती घराण्याच्या विद्येसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जात आली आहे. सेटिंग्जमधील ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारायची, डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे आणि ॲनिमेशन स्केल १ वरून ०.५ वर आणायचे. फोन एकाएकी तल्लख झाल्यासारखा वाटू लागतो. वास्तविक प्रोसेसर तोच असतो, मेमरी तीच असते, ॲपही तेच असते. एक पडदा जाऊन दुसरा येताना जी हालचाल होते, तिचा कालावधी तेवढा निम्मा झालेला असतो. सेकंदाच्या एवढ्याशा तुकड्याने यंत्राविषयीचे माणसाचे मत का बदलावे? या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो या धाग्यात. #इतिहास_धागा

२/२४
‘निमिष’ हा शब्द मुळात पापणी लवण्याचा काळ सांगतो. आजच्या मोजमापात हा काळ साधारण १०० ते ४०० मिलिसेकंद भरतो. एक सेकंद म्हणजे १,००० मिलिसेकंद. फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यावरील बहुतेक हालचाली आज नेमक्या याच टापूत बसवल्या जातात. मेनू उघडणे, खिडकी मिटणे, यादी सरकणे हे सारे निमिषभराचे खेळ आहेत. त्यांचा कालावधी ठरवतो यंत्र घडवणारा. तो वेळ खर्च होतो मात्र वापरणाऱ्याचा. दिवसातून शेकडो वेळा होणाऱ्या या खर्चाच्या मोबदल्यात वापरणाऱ्याला काय मिळते, हाच या इतिहासातील खरा वाद आहे.

३/२४
आरंभ संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १९१२ साली मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने फ्रांकफुर्ट येथे केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन रेषा वेगवेगळ्या जागी, एकीमागून एक, क्षणभर दाखवायच्या आणि मधले अंतर बदलत जायचे. अंतर सुमारे ३० मिलिसेकंद असताना दोन्ही रेषा एकदमच दिसत. २०० च्या आसपास गेल्यावर एक विझून दुसरी उगवल्याचे कळे. सुमारे ६० मिलिसेकंदांना मात्र एकच रेषा इकडून तिकडे सरकल्याचा भास होई. प्रत्यक्षात काहीही सरकत नव्हते. हालचाल पाहणाऱ्याच्या मनात घडत होती आणि ती घडणार की नाही, हे केवळ काळ ठरवत होता. ‘गेस्टाल्ट’ मानसशास्त्राचा उगम याच प्रयोगांत मानला जातो.

४/२४
पुढचे पाऊल बेल्जियममध्ये पडले. लूवेन विद्यापीठातील आल्बेर मिशॉत यांचा कार्यकारणाच्या संवेदनेवरील ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी फिरत्या तबकड्यांवर वळणदार पट्टे रंगवले आणि ते एका फटीतून दाखवले. पाहणाऱ्याला दोन लहान आकृत्या दिसत : पहिली सरकत येऊन दुसरीला टेकते, मग दुसरी निघते. ती तत्काळ निघाली तर लोक ठामपणे सांगत, पहिलीने दुसरीला ढकलले. मधला विराम वाढवत सेकंदाच्या पाचव्या हिश्शाजवळ नेला की ढकलल्याची जाणीव नाहीशी होई. उरत ती दोन असंबद्ध हालचालींची साखळी. कारण आणि परिणाम यांची गाठ इतक्या नाजूक काळावर अवलंबून असते. बटण दाबल्यावर ‘हे माझ्या हातून घडले’ असे वाटणे वा न वाटणे, याचे मूळ येथे सापडते.

५/२४
त्याच काळात अमेरिकेत एक वेगळी मंडळी काळाशी झगडत होती. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओतील चित्रकारांना सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने कागदावरील आकृत्यांत जीव ओतायचा होता. १९३० च्या दशकापासून अनुभवाने गवसलेले नियम फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा ज्येष्ठ चित्रकारांनी १९८१ साली ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात १२ तत्त्वांच्या रूपाने मांडले. त्यांपैकी दोन या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची. एक ‘टायमिंग’, म्हणजे हालचालीला किती चौकटी द्यायच्या. दुसरे ‘स्लो इन, स्लो आउट’, म्हणजे हालचाल हळू सुरू व्हावी, मध्ये वेग घ्यावा आणि थांबताना पुन्हा मंदावावी. वजन असलेली कोणतीही वस्तू अशीच हलते.

६/२४
टायमिंगचे सामर्थ्य समजावताना या ग्रंथात एक सुरेख उदाहरण येते. दोनच चित्रे घ्या : एकात मान उजव्या खांद्याकडे, दुसऱ्यात डाव्या खांद्याकडे. मध्ये एकही चित्र नसेल, तर त्या पात्राला जबर तडाखा बसल्यासारखे दिसते. चार चित्रे घातली, तर ते ठसक्यात हुकूम सोडत आहे असे वाटते. दहा घातली, तर आखडलेली मान मोकळी करताना दिसते. चित्रांचा आरंभ आणि शेवट तसाच राहतो. अर्थ मात्र दर वेळी पालटतो. कालावधी हा हालचालीचा निव्वळ गुणधर्म नसून तो तिचा आशय असतो, हे ज्ञान चित्रकारांपाशी संगणकतज्ज्ञांच्या कितीतरी आधी होते.

७/२४
या विद्येचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली अमेरिकी तांत्रिक साहाय्याच्या योजनेतून मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तेथील व्यंगपट विभागातील तरुणांना त्यांनी चित्रांना गती देण्याची कला शिकवली. जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डिअर’ हा १९५७ चा लघुपट त्या प्रशिक्षणाचे फळ. भारतीय ॲनिमेशनचे पितामह म्हणून पुढे गौरवले गेलेले राम मोहन याच तुकडीत घडले. म्हणजे चौकटी मोजून अर्थ घडवण्याची ही शिस्त मुंबईत रुजली, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर खिडकी नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती.

८/२४
संगणकाच्या जगात तेव्हा चिंता होती ती विलंबाची. एका मोठ्या यंत्राला अनेक टर्मिनले जोडलेली असत आणि उत्तर यायला किती वेळ लागेल याचा भरवसा नसे. १९६८ साली आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी माणूस आणि संगणक यांच्या संवादात कोणत्या प्रसंगी किती विलंब सोसवतो, याची वर्गवारी मांडली. कळ दाबल्याची पोच सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळावी. विचाराची साखळी अखंड राहायची असेल, तर उत्तर सुमारे २ सेकंदांत यावे. १५ सेकंदांपलीकडे संवाद म्हणावा असे काही उरतच नाही. मिलर यांचे आकडे प्रयोगांपेक्षा जाणत्या अंदाजांवर उभे होते. पुढच्या संशोधकांनी पाया मात्र तोच धरला.

९/२४
मिलर यांच्या मांडणीत एक महत्त्वाचे सूत्र होते. माणूस काम करताना मनातल्या मनात काही गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवतो; यंत्राने वाट पाहायला लावले की ही मूठ सैल होते. आयबीएममधीलच वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी १९८२ साली याची आर्थिक बाजू दाखवली. प्रतिसाद एका सेकंदाच्या आत आणला की यंत्राचा जितका वेळ वाचतो, त्याहून अधिक वेळ माणसाचा वाचतो, कारण त्याची विचार करण्याची गतीही वाढते. तोवर सर्वांचे लक्ष्य एकच होते : विलंब घटवा. मुद्दाम वेळ घेणारी हालचाल पडद्यावर आणावी, ही कल्पना त्या काळी उधळपट्टीच ठरली असती.

१०/२४
तरीही जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला, तेव्हा त्यात अशी हालचाल होती. आयकॉन उघडताच त्याच्यापासून खिडकीपर्यंत वाढत जाणाऱ्या रिकाम्या चौकटींची एक झरझर मालिका दिसे. खिडकी मिटताना चौकटी उलट मावळत. पुरती खिडकी हलवून दाखवण्याइतकी ताकद त्या यंत्रात नव्हती, म्हणून केवळ कडा रेखल्या जात. पण तेवढ्याने एक मोठे काम साधे. ही खिडकी कुठून आली आणि मिटल्यावर कुठे गेली, या प्रश्नाचे उत्तर शब्दाविना मिळे. वापरणाऱ्याचा वेळ घेऊन त्याबदल्यात ‘ठिकाण’ सांगणारी ही हालचाल होती.

११/२४
त्याच मॅकिंटॉशमध्ये आणखी एक बारकावा होता. मेनूतील शब्द निवडल्यावर तो चटकन लुकलुके आणि मग आज्ञा अमलात येई. निवड पोहोचल्याची ती पावती होती. मात्र ही पावती किती वेळा लुकलुकावी, हे कंट्रोल पॅनेलमधून ठरवता येई : शून्यापासून तीन वेळांपर्यंत. नवख्याला तीनदा लुकलुकलेले बरे वाटेल, सरावलेल्याला एकदाही नको असेल, हे यंत्र घडवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. कळ दाबून धरल्यावर अक्षर किती वेगाने उमटत राहावे, हेही तिथेच ठरवता येई. त्यासाठी कासव आणि ससा अशी चित्रे होती. वेळ ज्याचा खर्च होतो त्याच्या हाती त्याची किल्ली देण्याचा हा ठळक प्रयत्न होता.

१२/२४
जिथे विलंब टाळणे अशक्यच होते, तिथे हालचाल दिलासा देऊ शकते काय? टोरोंटो विद्यापीठातील ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली या प्रश्नाचा अभ्यास मांडला. काम किती टक्के झाले हे दाखवणारी पट्टी, म्हणजे आज सर्वपरिचित असलेला प्रोग्रेस बार, वापरणाऱ्यांना हवाहवासा वाटतो, असे त्यांना आढळले. पट्टीचा अंदाज काटेकोर नसला तरी चालत होते. उत्तर लवकर येत नव्हतेच. पण यंत्र मेलेले नाही, ते कामात आहे आणि शेवट दृष्टिपथात आहे, एवढी खात्री मिळताच प्रतीक्षा सुसह्य होई. वाट पाहण्याचा त्रास घड्याळातील काळाइतकाच अनिश्चिततेतूनही येतो, हे यातून स्पष्ट झाले.

१३/२४
व्यंगपट आणि संगणक या दोन परंपरांची गाठ १९८७ मध्ये पडली. पिक्सारमधील जॉन लॅसेटर यांनी सिग्राफ परिषदेत एक निबंध सादर करून डिस्नेची तत्त्वे त्रिमितीय संगणकीय ॲनिमेशनला कशी लावावीत ते दाखवले. त्यांच्या ‘लक्सो ज्युनियर’ या १९८६ च्या लघुपटात टेबलावरचे दोन दिवे निव्वळ हालचालीच्या टायमिंगमधून बाप आणि लेकरू होऊन जातात. संगणकाला दोन टोके दिली की मधल्या चौकटी तो सारख्या अंतराने भरून देतो आणि म्हणूनच त्या निर्जीव दिसतात. ॲनिमेशनचा कस लागतो तो हे अंतर कुठे आखडायचे आणि कुठे सैल सोडायचे यात. आता ही दृष्टी इंटरफेसकडे वळायची होती.

१४/२४
ते काम झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात झाले. स्टुअर्ट कार्ड, जॉर्ज रॉबर्टसन आणि जॉक मॅकिनले यांनी १९९१ साली काळाच्या तीन पायऱ्या मांडल्या : सुमारे ०.१ सेकंद, १ सेकंद आणि १० सेकंद. पहिली डोळ्यांची, दुसरी संवादातील तत्काळ प्रतिसादाची, तिसरी एका छोट्या कामाची. त्यांच्या ‘कोन ट्री’ या त्रिमितीय वृक्षात एखादी फांदी निवडली की सारा वृक्ष सुमारे एका सेकंदात वळून ती पुढे आणी. हाच बदल एका झटक्यात केला, तर कोण कुठे गेले हे पुन्हा जुळवायला माणसाला कित्येक सेकंद लागत. खर्च केलेल्या एका सेकंदाने त्याहून मोठा वेळ वाचत होता. नंतर याकोब नील्सेन यांच्या १९९३ च्या पुस्तकाने या तीन पायऱ्या घरोघरी पोहोचवल्या.

१५/२४
१९९३ मध्येच बे-वे चँग आणि डेव्हिड उंगर यांनी ‘सेल्फ’ या प्रोग्रामिंग भाषेसाठी घडवलेला इंटरफेस प्रकाशात आला. त्यांच्या निबंधाचे नावच ‘व्यंगपटातून इंटरफेसकडे’ अशा अर्थाचे होते. त्यांच्या पडद्यावर कोणतीही वस्तू अचानक उगवत वा नाहीशी होत नसे. ती बाहेरून सरकत येई किंवा ठिपक्यातून वाढे, वेगात असताना किंचित धूसर होई आणि थांबताना मंदावे. पडद्यावरील वस्तूला घनता आहे अशी जाणीव झाली की माणूस आपल्या आयुष्यभराच्या अनुभवाने तिचा माग काढतो. वेगळे काही शिकावे लागत नाही. पुढे १९९९ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील बेंजामिन बेडरसन आणि अँजेला बोल्टमन यांनी वंशवृक्ष दाखवून पडताळा घेतला. हालचालीसह वृक्ष पाहिलेल्यांना त्याची रचना नंतर अधिक चांगली मांडता आली आणि कामाचा वेळही वाढला नाही.

१६/२४
हा कौल एकतर्फी राहिला नाही. २००२ मध्ये बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवण्यासाठी केलेल्या ॲनिमेशनवरचे अनेक अभ्यास पुन्हा तपासले. जिथे हालचालीचा विजय सांगितला जात होता, तिथे बऱ्याचदा हलत्या चित्रात स्थिर चित्रापेक्षा अधिक माहितीच घातलेली होती. माहिती सारखी ठेवली की हालचालीचा वेगळा लाभ सहसा दिसेना. शिवाय हालचाल गुंतागुंतीची किंवा फार वेगवान असेल, तर ती डोळ्यांत भरते पण समजत नाही. यातून निघणारा धडा इंटरफेसलाही लागू होता. हालचाल असणे हा काही आपोआप गुण ठरत नाही. तिने एखादे नेमके नाते दाखवायला हवे आणि ते टिपता येईल अशा गतीने दाखवायला हवे.

१७/२४
दरम्यान ही कला सामान्य वेबपानांत उतरली. २००१ च्या सुमारास रॉबर्ट पेनर यांनी गतीच्या चढउताराची गणिती सूत्रे खुली केली आणि फ्लॅश वापरणाऱ्या जगभरच्या मंडळींनी ती उचलली. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीने तर कालावधीला शब्दच दिले : ‘फास्ट’ म्हणजे २०० मिलिसेकंद, ‘स्लो’ म्हणजे ६०० आणि काहीच न सांगितल्यास ४००. पुढे सीएसएसमध्ये गतीचा आलेख बेझिये वक्राने सांगण्याची सोय झाली. हे वक्र फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांतून आले : सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलझो आणि रेनोमध्ये पिएर बेझिये यांनी गाड्यांच्या अंगाचा बाक रेखण्यासाठी ते घडवले होते. पत्र्याला डौल देणारी रेषा आता वेळेला डौल देऊ लागली.

१८/२४
नव्या शतकाच्या तोंडावर हालचाल प्रदर्शनाची वस्तू झाली. ५ जानेवारी २००० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक ओएस एक्सचा ‘ॲक्वा’ हा नवा चेहरा सादर केला. खिडकी मिटताना ती बाटलीत शिरणाऱ्या जिनीसारखी निमुळती होत तळाच्या डॉकमध्ये जाई. शिफ्ट कळ दाबून धरली की हाच खेळ संथ गतीने दिसे. खिडकी कुठे गेली हे १९८४ च्या चौकटींनीही सांगितले होते. येथे त्याच उत्तराला झगमगाट चढला. पहिल्या दिवशी डोळे दिपवणारी हालचाल रोज शेकडो वेळा पाहताना कशी वाटेल, हा प्रश्न येथून पुढे सतत डोके वर काढत राहिला.

१९/२४
२००७ च्या आयफोनने हालचाल थेट बोटाशी जोडली. यादी बोटासोबत सरके, बोट उचलल्यावर आपल्याच जोराने थोडी पुढे जाऊन मंदावे आणि टोकाला पोहोचल्यावर रबरासारखी ताणून परत येई. हा ताण शोभेपुरता नव्हता. यादी संपल्यावर पडदा नुसता थिजला, तर फोन अडकला की यादी संपली हे कळत नाही. ताणून परत येणारी यादी मात्र ‘हात पोहोचला, पुढे काही नाही’ असे एकाच वेळी सांगते. ही रबरी हालचाल पाहिल्यावर यातून फोन घडवता येईल असे आपल्याला वाटले, असे जॉब्स यांनी २०१० मधील एका जाहीर मुलाखतीत सांगितले. बास ओर्डिंग यांच्या नावे घेतलेले या हालचालीचे पेटंट ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात उभे राहिले. २४ ऑगस्ट २०१२ रोजी ज्यूरीने ॲपलला १ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई देऊ केली, त्या निकालातील पेटंटांपैकी हे एक होते. रक्कम पुढे अनेकदा बदलली आणि २०१८ मध्ये तडजोड झाली.

२०/२४
त्याच आयफोनने वेबवर एक अदृश्य विलंबही आणला. मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली पाने दोनदा टिचकी मारून मोठी करता यावीत, म्हणून पहिल्या टिचकीनंतर ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबे : दुसरी येते का, हे पाहण्यासाठी. इतर फोनांनीही ही रीत उचलली. मिशॉत यांच्या तबकड्यांनी जे सांगितले होते, ते लाखो बोटांना जाणवले. टिचकी आणि परिणाम यांची गाठ सुटली आणि वेबपाने ॲपपेक्षा मठ्ठ वाटू लागली. २०१४ मध्ये क्रोमने आणि २०१६ मध्ये आयफोनच्या सफारीने फोनच्या मापाने घडवलेल्या पानांसाठी हा विराम काढून टाकला. येथे वेळ खर्च होत होता आणि बदल्यात पाहणाऱ्याला काहीही मिळत नव्हते.

२१/२४
अँड्रॉइडपुढे अडचण वेगळी होती : हालचाल होती, पण अडखळत होती. पडदा तेव्हा सेकंदाला ६० वेळा ताजा होई, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी यंत्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळत. एक जरी चौकट हुकली तरी डोळ्याला गचका जाणवतो. २०१२ च्या जेली बीन आवृत्तीत ‘प्रोजेक्ट बटर’ या नावाने हे अडखळणे दूर करण्याचा प्रयत्न झाला. २०१४ मध्ये गूगलने मटेरियल डिझाइन जाहीर केले. त्याच्या मार्गदर्शिकेत पुढे आकडेच दिले गेले : फोनवर साधारण ३०० मिलिसेकंद, पूर्ण पडदा व्यापणाऱ्या मोठ्या बदलाला ३७५, पडद्यावर येणाऱ्या वस्तूला २२५ आणि जाणाऱ्या वस्तूला १९५; ४०० च्या पुढे गेल्यास हालचाल मंद वाटू शकते. जाणाऱ्याला कमी वेळ, कारण त्याच्याकडे आता लक्ष द्यायचे नसते. चित्रकाराची नजर अशा रीतीने कोष्टकात उतरली.

२२/२४
सप्टेंबर २०१३ मध्ये या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. आयओएस ७ मध्ये ॲप उघडताना पडदा झेपावत जवळ येई आणि फोन हलवला की पार्श्वभूमी आयकॉनांच्या मागे तरंगे. अनेकांना ते मोहक वाटले. काहींना मात्र भोवळ, मळमळ आणि डोकेदुखी होऊ लागली. डोळे सांगतात की शरीर पुढे झेपावले, तर अंतःकर्णातील तोल राखणारी इंद्रिये सांगतात की ते जागीच आहे. हा विसंवाद काहींना घाटातल्या एसटीत लागते तशी गाडी लावतो. २२ ऑक्टोबर २०१३ च्या ७.०.३ आवृत्तीत ‘रिड्यूस मोशन’ची व्याप्ती वाढवली गेली आणि झेपावण्याऐवजी पडदे अलगद विरघळू लागले. येथवर चर्चा वेळेच्या खर्चाची होती. आता हालचालीची किंमत शरीरही मोजते, हे उघड झाले.

२३/२४
यानंतर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिला नाही. २०१७ मध्ये सफारीने वेबपानांना एक विचारणा करण्याची सोय दिली : समोरच्या व्यक्तीने कमी हालचाल मागितली आहे काय? ५ जून २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या वेब सुगम्यतेच्या २.१ मानकात, वापरणाऱ्याच्या कृतीतून सुरू होणारी आणि अत्यावश्यक नसलेली हालचाल बंद करता यावी, असा निकष सर्वोच्च पातळीवर समाविष्ट झाला. दुसरीकडे, हालचालीने काळाची जाणीव वाकवता येते हेही सिद्ध होत होते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की पट्टीवरील रेघा उलट दिशेने सरकवल्या, तर तोच प्रतीक्षाकाळ सुमारे ११ टक्के कमी भासतो. वाट सुसह्य करणारी ही युक्ती, यंत्राचा संथपणा झाकणारा पडदाही होऊ शकते.

२४/२४
या शतकभराच्या प्रवासात यंत्रे हजारो पटींनी वेगवान झाली. वेर्थायमर यांच्या रेषा आणि मिशॉत यांच्या आकृत्या पाहणारा डोळा मात्र बदललेला नाही. म्हणूनच ज्या यंत्राला उत्तर द्यायला एके काळी वेळ पुरत नसे, त्यालाच आज जाणूनबुजून निमिषभर रेंगाळायला शिकवावे लागते. ते रेंगाळणे ‘कुठून आले, कशामुळे घडले, कुठे गेले’ हे सांगत असेल, तर खर्ची पडलेला वेळ वसूल होतो. तसे नसेल, तर लोक सेटिंग्जमध्ये शिरून तो परत मिळवतात. १९८४ च्या मॅकिंटॉशने लुकलुकण्याची संख्या माणसाच्या हाती सोपवली होती. आजच्या मानकांनी हालचालच नाकारण्याची मुभा मागितली आहे. पुढच्या पिढीचे पडदे हातात असोत वा डोळ्यांवर बांधलेले, त्यांना या किल्लीची जागा आधी राखून ठेवावी लागेल.

धागा समाप्त.